लोखंड त्यांचं, रबर वहिनींचं

त्या घरात गाडीची वाटणी लग्नाच्या पहिल्याच वर्षी झाली होती. लोखंड त्यांचं, रबर वहिनींचं. भावाभावांतल्या वाटण्या मोडतात, कोर्टकचेऱ्या होतात. ही वाटणी जन्मभर टिकली.

वहिनी म्हणजे ओळखीच्या साऱ्यांच्या वहिनी. ज्यांनी मावशी किंवा काकू म्हणायला हवं तेसुद्धा वहिनीच म्हणत. त्यांचे यजमान म्हणजे कासवराव. हे नाव मित्रांनी ठेवलेलं. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत ते नकाशे काढत. कुठल्या गल्लीखालून कुठली पाइपलाइन वळते हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येई. गाडी मात्र त्यांच्याकडे लांबच्या प्रवासाची होती. दोन सिलिंडरांची मोटरसायकल, सोफ्यासारख्या सीटची, दोन्ही बाजूंना सामानाचे डबे अडकवलेली, समोर वारा अडवायला काच असलेली. असलं धूड बुडाखाली असून हा माणूस अशा बेतानं चालवी की मागून येणारा सायकलवाला घंटी वाजवून पुढे निघून जाई. “अरे, त्या इंजिनाला तरी कळू दे ते इंजिन आहे ते!” म्हणून मित्र ओरडत. कासवराव हेल्मेटच्या आतल्या आत हसत. पुढे कुठेतरी त्या ओरडणाऱ्यांपैकीच एखादा रस्त्याच्या कडेला गाडी उघडून बसलेला सापडे, आणि कासवराव व मागे बसलेल्या वहिनी त्याला हात हलवत टुकूटुकू पुढे जात.

वाटणी झाली ती अशी. गाडीच्या पुढच्या चाकाच्या दांड्यांतून तेल झिरपत होतं. कासवराव मागच्या अंगणात बसून नवी सील बसवत होते. सील म्हणजे रबराची जाड बांगडीच. तिची आतली कड नखाएवढी नाजूक असते. नकाशावर इतका हलका चालणारा हात, पण पाना धरला की त्याचा हातोडा होई. एक सील फाटली. दुसरी फाटली. वहिनी स्वयंपाकघराच्या पायरीवर कुकरची रिंग पुसत उभ्या होत्या. नवी नवरी, बोलावं की नाही अशा विचारात. शेवटी राहवेना.

“अहो, मारामारी कसली करताय तिच्याशी?”

“मग कशी चढवायची? तूच दाखव.”

वहिनींनी खरंच दाखवलं. घट्ट बांगडी चढवताना बायका हातावर पातळ प्लास्टिकची पिशवी ओढून घेतात, तशी पिशवी त्यांनी दांड्याच्या धारदार तोंडावर ओढली, वर तेलाचा हात फिरवला आणि सील सुळकन खाली उतरवली. मग पिशवी ओढून काढली. कासवराव सीलकडे बघत राहिले, मग बायकोकडे.

“हे कुठे शिकलीस?”

“बांगड्यांच्या दुकानात.”

तेव्हापासून जिथे जिथे रबर, तिथे वहिनी. नट, बोल्ट, स्प्रिंगा, वॉशर, साखळी हे सगळं कासवरावांचं. त्यांच्या पान्यांना वहिनी हात लावत नसत आणि कासवराव न विचारता वहिनींच्या डब्यातली साधी ओ-रिंगसुद्धा उचलत नसत. पॅकिंगचा कागद हा मधला प्रदेश होता, पण तोही हळूहळू वहिनींकडेच आला. इंजिनाच्या झाकणावर कागद ठेवायचा, कडेकडेनं लहान हातोडीनं टकटक करत ठसा उमटवायचा, मग शिवणाच्या कात्रीनं कापायचा. ब्लाउज बेतणाऱ्या बाईला त्यात अवघड काय? वहिनींनी कापलेलं पॅकिंग कधी पाझरलं नाही.

रबराची परीक्षा त्यांची स्वतःची होती. नख रुतवायचं आणि बघायचं. खूण लगेच भरून आली तर रबर तरुण आहे. सावकाश भरली तर वय झालंय, पण चालेल. खूण तशीच राहिली तर बदलायला हवं. आणि नखच रुतलं नाही, तर ते रबर नव्हेच, दगड.

दरवर्षी थंडी सुरू व्हायच्या आधी मागच्या पडवीत त्यांचा कारखाना लागे. कार्ब्युरेटर आणि इंजिन यांना जोडणारी आखूड रबरी नळकांडी कोमट पाण्यातून काढायची, पुसायची आणि सांधेदुखीवर चोळतात त्या उग्र वासाच्या तेलात मुरवून बोटांनी मळत बसायचं. टाकीखालच्या उशा, पाय ठेवायच्या दांड्यांवरची रबरं, सगळ्यांना ग्लिसरीनचा हात. ब्रेकच्या रबरांना मात्र तेल-ग्रीस वर्ज्य. त्यांना ब्रेकचंच ऑइल. हे पथ्य कासवरावांनी एकदा सांगितलं आणि वहिनींनी जन्मभर पाळलं. मित्रांपैकी छापखानेवाला नेमका या दिवसांत चहाला टपके.

“वहिनी, ही मोटरसायकल आहे का बाळंतीण? तेल काय, मालिश काय, शेक काय!”

“तुमची गाडी गेल्या सहलीत कुणी ढकलली, भाऊजी?”

“चहा द्या,” म्हणून छापखानेवाला विषय बदले.

प्रवासाच्या आदल्या संध्याकाळी कासवराव दारात उभे राहून विचारत, “काय म्हणतंय रबर?” वहिनी सगळीकडून एक फेरी मारून यायच्या आणि सांगायच्या. “जा” म्हटलं की जायचं. “नको” म्हटलं की नको. एकदा सगळी मंडळी पेट्रोल पंपावर सामान बांधून उभी असताना वहिनींनी नको म्हटलं. छापखानेवाल्यानं शिव्या घातल्या, मंडळी पुढे गेली. दुसऱ्या दिवशी अंगणात गाडी सुरू करताना पेट्रोलची नळी उभी फाटली आणि इंजिनावर पेट्रोल सांडलं. कासवरावांनी चुपचाप किल्ली फिरवून गाडी बंद केली आणि आत येऊन वहिनींच्या पुढ्यात सोललेलं संत्रं ठेवलं. त्यांचं आभार मानणं असंच असे.

दोघं खूप फिरली. फक्त एक ठिकाण राहिलं. डोंगर ओलांडला की पलीकडचा रस्ता वळणावळणांनी जो उतरायला लागतो तो थेट समुद्रापर्यंत. सगळा उतार ब्रेकवर हात ठेवूनच काढायचा. खाली खडकावर एक दीपस्तंभ. मंडळींतले सगळे जाऊन आले होते. ह्यांचंच राहिलं. एका वर्षी मुलीची परीक्षा होती. मग कासवरावांची आई अंथरुणाला खिळली आणि ती वर्षं कशी गेली ते कळलंच नाही. मग वहिनींचा गुडघा. दरवेळी कासवराव म्हणत, “जाऊ की. दीपस्तंभ कुठे पळून चाललाय?”

आणि त्या प्रवासासाठी त्यांनी तयारी मात्र फार आधीपासून करून ठेवली होती. कंपनीनं ती गाडी बनवायची बंद केली, तेव्हा तिचे भाग विकणारं दुकान मोडत होतं. तिथून कासवरावांनी रबराचा आख्खा संच आणला. इंजिनापासून ब्रेकपर्यंत प्रत्येक सील, प्रत्येक रिंग, प्रत्येक पॅकिंग. कंपनीच्या मूळ पिशव्यांत बंद. तो संच स्वयंपाकघरातल्या माळ्यावर चढला.

“दीपस्तंभाला निघायच्या आधी उघडायचा. सगळं नवं घालून जाऊ,” ते म्हणाले.

मध्ये कितीदा तरी वहिनींना एखादी रिंग हवी असे. “त्यातली एक घेऊ का हो?”

“एक काढलीस की संच मोडला.”

मग वहिनी जुनीच रिंग उलटी करून, मळून, तिच्या नाकदुऱ्या काढून चालवून घेत. संचाचं खोकं त्या वर्षातून एकदा वरून पुसायच्या आणि परत जागच्या जागी ठेवायच्या. खाली शेगडी पेटायची, गरम वाफ वर जायची. वरचं खोकं शांत बसलेलं असे.

कासवराव निवृत्त झाले आणि मग जिना चढताना थांबायला लागले. आधी वाटलं, वय. मग वाटलं, सर्दी. शेवटी मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी छातीचे फोटो उजेडावर धरले आणि सांगितलं की फुप्फुसं आतून कडक होत चालली आहेत. हवा आली तरी ती फुगत नाहीत. हे मागे फिरणारं दुखणं नाही.

“म्हणजे माझंच पॅकिंग गेलं म्हणायचं,” कासवराव म्हणाले.

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. वहिनी हसल्या, आणि बाहेरच्या बाकावर बसून छातीच्या फोटोंचं पाकीट पदरानं पुसत राहिल्या.

निघताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, “कुठे जायचं, कुणाला भेटायचं असेल ते थंडीच्या आत उरका. पुढे नाकाला नळी लागेल.”

घरी पोचल्यावर कासवरावांनी बूट काढायच्या आधी माळ्याकडे बोट दाखवलं. “काढ ते खोकं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी पडवीत चादर अंथरली. कासवराव खुर्चीत. मांडीवर त्यांनी स्वतः काढलेला रस्त्याचा नकाशा, कुठे थांबायचं, कुठे दम खायचा याच्या खुणांसकट. प्रवासाचं जाकीट त्यांनी कपाटातून काढून उन्हात टांगलंसुद्धा होतं. वहिनींनी पहिली पिशवी कापली. नवंकोरं नळकांडं, वर कंपनीचा ठसा. त्यांनी सवयीनं ते जरा वाकवलं, आणि सुकलेल्या तळ्याच्या मातीसारख्या भेगा त्यावर उमटल्या. दुसरी पिशवी. तिसरी. वहिनी एकेक वस्तू चादरीच्या एका कडेला ठेवत गेल्या.

“काय म्हणतंय?”

“हे गेलंय हो.”

“गेलंय काय? नवं आहे ते!”

“नवं नाही. न वापरलेलं आहे.”

कासवरावांनी हात पुढे केला. वहिनींनी त्यात एक रिंग ठेवली. त्यांनी ती दोन बोटांत ताणली. कट्ट असा बारीक आवाज झाला. तुटलेली टोकं त्यांनी मांडीवरच्या नकाशावर ठेवली आणि एकमेकांना जुळवून पाहिली, जणू कुठे तरी रेघ चुकली होती आणि ती खोडून नीट काढता येणार होती.

वहिनींना स्वतःचाच राग आला. रबर पडून राहिलं की मरतं, त्याला हात लागावा लागतो, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पण खोकं त्यांचं नव्हतं. खोकं त्यांनी नुसतं पुसलं.

मग मात्र त्या पदर खोचून कामाला लागल्या. मेलेल्या संचातलं काही कामाचं नव्हतं, पण गाडीवरची जुनी रबरं, वर्षानुवर्षं मळलेली, अजून जिवंत होती. नळकांडी तेलात मुरली आणि मऊ झाली. पेट्रोलची नळी बाजारात मिळाली. पॅकिंगं नव्या कागदातून कापली. रात्री झोपताना कासवराव विचारत, “कितपत आलं?” आणि वहिनी सांगत, “आलंच.”

शेवटी पुढचा ब्रेक राहिला. चाकाशेजारी जी लोखंडी पकड असते, जी चकतीला दोन्ही बाजूंनी दाबून चाक थांबवते, तिच्यावरून वहिनींनी पांढरं फडकं फिरवलं. फडकं ओलं झालं. ब्रेकचं ऑइल. हँडलवरचा ब्रेकचा दांडा दाबून पाहिला. पूर्वीपेक्षा जास्त आत येत होता. पकडीच्या आत रबराच्या सीली असतात आणि त्या बसवल्याला बराच काळ लोटला होता. पकडीवर ओल म्हणजे सील गेली. वहिनींनी गावातली सगळी दुकानं पालथी घातली. त्या गाडीच्या ब्रेकच्या सीली कुठेच नव्हत्या. समुद्रापारच्या एका विक्रेत्याकडे होत्या. मुलीनं फोनवरून मागवल्या.

संध्याकाळी कासवराव दारात आले. भिंतीला टेकून उभे राहिले.

“काय म्हणतंय रबर?”

वहिनी खाली बघत म्हणाल्या, “नको.”

“बाकी सगळं?”

“बाकी सगळं जा म्हणतंय. पुढच्या ब्रेकचं नको म्हणतंय. सीली येऊ देत.”

“कधी येणार?”

“वाटेत आहेत.”

कासवराव बराच वेळ दम गोळा करत राहिले. मग इतक्या वर्षांत कधी बोलले नव्हते ते बोलले. “आयुष्यभर तुझ्या रबराच्या तोंडाकडे बघत आलो मी.”

“आणि खोकं कुणी बंद ठेवलं होतं? एक काढू का, एक काढू का म्हणून मी विचारत नव्हते?”

“आता मला तेच ऐकवणार?”

“नाही ऐकवत. पण त्या उतारावर तुम्हाला ओल्या ब्रेकवर नाही सोडणार. मी मागे बसलेली असो की नसो.”

“अगं, मी मरणारच आहे.”

“ते डॉक्टरीणबाईंच्या हातात. माझ्या हातानं नाही.”

छापखानेवाल्यानं मध्ये पडून पाहिलं. “माझ्या मोटारीतून चल. मागच्या सीटवर पाय पसरून चल, राजासारखा.”

“पार्सल आहे का मी?”

“बरं, मग चौकातल्या मेकॅनिकला दाखवू. तो बघेल, काय ते सांगेल.”

कासवरावांनी मान हलवली. “रबराचं तिनं सांगितलं. त्यावर अपील नाही.” रागावलेले होते, पण वाटणी मोडायची त्यांची तयारी नव्हती. स्वतः वाकून त्यांनी पाहिलंही नाही. वाकलं की धाप लागे हे एक. आणि ती बाजू त्यांची नव्हती, हे दुसरं.

पार्सल येईना. रस्त्यावर टेम्पो थांबल्याचा आवाज झाला की वहिनी हातातलं काम टाकून दाराशी जात. कासवराव आधी विचारत, “आलं का?” मग नुसते मान उचलून बघत. मग मानही उचलेनात. थंडी लवकर आली. खुर्चीतून उठताना त्यांना आधार लागायला लागला, मग खुर्चीच नको झाली. खिडकीजवळ पलंग सरकवला, नाकाला नळी आली, आणि कोपऱ्यात एक यंत्र दिवसभर घरघरायला लागलं. उन्हात टांगलेलं जाकीट वहिनींनी एका दुपारी, ते झोपलेले बघून, परत कपाटात ठेवलं.

त्यानंतर पार्सल आलं. मुठीत मावेल एवढं.

“बसव,” कासवराव म्हणाले.

“आता कशाला?”

“आलंय ना? मग बसव. मला आवाज ऐकू दे.”

छापखानेवाल्यानं येऊन जड नट सैल करून दिले आणि तो कामावर गेला. पुढचं वहिनींचं. पकड उघडून त्यांनी जुन्या सीली हलक्या हातानं काढल्या आणि सवयीनं एकीवर नख रुतवलं.

खूण भरून आली. सावकाश, पण भरून आली.

त्यांनी दुसरी पाहिली. तीही तशीच. वय झालेलं, पण चालेल असं रबर. पण ओल तर होती. फडकं ओलं झालेलं त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. कुठेतरी बारीक चीर असेल, आपल्या डोळ्यांना दिसत नसेल, असं मनाशी म्हणत त्यांनी नव्या सीली बसवल्या, ऑइल भरलं, नळीतली हवा काढली. दांडा घट्ट लागला. पकड पुसून कोरडी करून त्या आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी पकडीवर पुन्हा ओल होती.

नव्या सीली आणि तरी ओल. वहिनींनी ती पुसली आणि तिथे अंगाला लावायची पांढरी पावडर भुरभुरली. मग शेजारी पाटावर बसून बघत राहिल्या. पावडरीवर एक बारीक काळी रेघ उमटली. ती खालून, सीलीपासून आली नव्हती. ती वरून आली होती. जिथे ब्रेकची नळी बोल्टनं पकडीला जोडलेली असते तिथून. त्यांनी रेघ बोटानं पुसली. खालचा रंग तेवढ्याच जागी, तेवढ्याच रुंदीत खाल्लेला होता. ब्रेकचं ऑइल रंग खातं. ही वाट आजची नव्हती, कालचीही नव्हती. किती तरी महिने थेंब असाच वरून उतरत होता आणि सीलीपाशी येऊन साचत होता.

बोल्टच्या खाली तांब्याचं वॉशर असतं. ती लोखंडाची बाजू.

वहिनींनी त्या दिवशी पहिल्यांदा कासवरावांच्या पेटीतला पाना उचलला. वॉशर काढलं, दाबून दाबून कडक झालेलं. असलं वॉशर घेऊन कासवराव स्वयंपाकघरात यायचे ते त्यांना आठवलं. “अगं, एक शेगडी दे जरा.” चिमट्यात धरून ते लाल होईपर्यंत तापवायचे आणि वाटीतल्या पाण्यात टाकायचे. चुर्र आवाज व्हायचा. तांबं पुन्हा मऊ व्हायचं, नव्यासारखं. वहिनींनी तेच केलं. चहाला आधण यायला जेवढा वेळ लागतो त्याहूनही कमी वेळ लागला. वॉशर बसवलं, बोल्ट आवळला, पुसलं, पावडर टाकली. पावडर पांढरीच राहिली. संध्याकाळीही पांढरीच होती.

रबर जा म्हणत होतं. त्यांनीच ऐकलं नव्हतं. ओल दिसली आणि त्यांनी आपल्या बाजूला बोट दाखवलं, कारण ओल म्हणजे रबर. आणि पलीकडच्या बाजूला बघायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी नुसतं म्हटलं असतं, “अहो, तुमच्या बाजूचंही एकदा बघा,” तर खुर्चीत बसल्या बसल्या कासवरावांनी वॉशरचं सांगितलं असतं.

अंगणात त्यांनी गाडी सुरू केली. इंजिन जुन्या सवयीनं एकदा खोकलं आणि मग शांतपणे चालायला लागलं. वहिनी खिडकीतून आत बघत होत्या. कासवरावांनी डोळे मिटले होते, पण उजव्या हाताची मूठ चादरीवर हळूच वळत होती, ॲक्सिलरेटर द्यावा तशी.

गाडी बंद करून त्या आत आल्या. हात धुतलेले नव्हते. त्या पलंगाच्या कडेला बसल्या.

“छान वाजतंय,” कासवराव म्हणाले. मग श्वास जमवून, “जुन्या सीली कशा निघाल्या?”

वहिनींनी रबराबद्दल त्यांना कधी खोटं सांगितलं नव्हतं. चुकून स्वतःच्या हातानं रिंग फाडली तरी येऊन सांगत. कोपऱ्यातलं यंत्र घरघरत होतं.

“पार गेल्या होत्या,” त्या म्हणाल्या.

“दोन्ही?”

“दोन्ही. उतारावर दगा दिला असता.”

कासवरावांनी दाखव म्हटलं नाही. इतक्या वर्षांत कधीच म्हटलं नव्हतं. त्यांनी मान हलवली, आणि चेहऱ्यावरचा कितीतरी दिवसांचा ताण सैल झाला.

“मग बरोबर होतं तुझं. मी तुला उगाच बोललो.”

“बोलला असाल. मी कुठे मनावर घेते?”

“घेतलंस. मला माहीत आहे.” त्यांनी वहिनींचा काळा, तेलकट हात हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला. वहिनींना तो सोडवून घ्यावासा वाटला आणि सोडवून घेता आला नाही. हे आपण त्यांच्यासाठी सांगितलं की आपल्यासाठी, हे त्यांना तेव्हाही ठरवता आलं नाही आणि पुढेही नाही.

थंडी सरायच्या आत कासवराव गेले. बेतानंच गेले, जसे चालवायचे तसे. मुलगी आली, राहिली, परत गेली. “गाडीचं काय करायचं, आई?” असं तिनं विचारलं, तेव्हा वहिनी “बघू” म्हणाल्या. गाडीवर त्यांनी चादर घातली. पडवीतला कारखाना त्या वर्षी लागला नाही.

पुढच्या मोसमात छापखानेवाला आपली गाडी घेऊन दारात उभा राहिला. मंडळी पुन्हा दीपस्तंभाला निघाली होती.

“वहिनी, जरा रबर बघून द्या. तुमचा शब्द असल्याशिवाय माझा पाय निघत नाही.”

वहिनी बाहेर आल्या. मन नव्हतं, पण माणूस घरचा. त्यांनी एक फेरी मारली. पुढच्या दांड्याच्या सीलीपाशी ओलसर तेल होतं. नख रुतवलं तर खूण तशीच राहत होती. एके काळी त्यांनी गाडीची किल्लीच काढून घेतली असती.

“ही सील बदलायला झाली आहे,” त्या म्हणाल्या.

“म्हणजे नको?”

वहिनींनी रस्त्याकडे पाहिलं. छापखानेवाल्याच्या खांद्यावर पिशवी होती, रस्त्यावर दोघे-तिघे इंजिन सुरू ठेवून त्याची वाट बघत होते.

“जा,” त्या म्हणाल्या. “उतारावर हळू घ्या. आल्यावर बदलू.”

छापखानेवाला चाट पडला. “वहिनी, खरंच जाऊ?”

“जा म्हटलं ना, भाऊजी. जायच्या वेळी जावं माणसानं.”

तो गेला आणि वहिनींना दिवसभर काही सुचेना. भाजी चिरायला घेतली आणि तशीच ठेवली. मुलीला फोन लावला आणि ती बोलायच्या आत बंद केला. आपण त्या माणसाला कुठे पाठवून बसलो, असं वाटून त्या दारापर्यंत जात, परत येत. त्याची बायको, त्याचा छापखाना, त्याचे फालतू विनोद, सगळं डोळ्यांसमोर येत राहिलं. दुपार कलली तसा फोन वाजला.

मागून वाऱ्याचा आणि समुद्राचा मोठा आवाज येत होता. छापखानेवाला ओरडूनच बोलत होता.

“पोचलो, वहिनी! दीपस्तंभाच्या पायथ्याशी उभा आहे. आख्खा उतार उतरलो. काही झालं नाही! ऐकताय ना? काही म्हणजे काही झालं नाही!”

“ऐकतेय,” वहिनी म्हणाल्या, आणि त्यांची नजर खिडकीतून अंगणातल्या चादरीखालच्या गाडीवर गेली.